कंबरदुखीचा गुरुवार

आमच्या बाईंच्या दवाखान्यात पाऊल टाकलं की आधी लसणाचा वास यायचा. डेटॉल, स्पिरिट सगळं होतं, पण लसणापुढे त्यांचं काही चालत नसे. भूगावात तेव्हा जिकडे तिकडे इमारती उठत होत्या आणि त्यांतल्याच एका अर्धवट रंगवलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर बाई बसायच्या. शेजारचा सिमेंटवाला गिऱ्हाइकांना पत्ता सांगताना ‘लसणीच्या दवाखान्याशेजारी’ असं बेधडक सांगायचा. मला त्याचा राग यायचा, बाई मात्र खूष होत्या. म्हणायच्या, ‘डॉक्टरीण म्हटलं की बायका बिचकतात. लसणीला कोण बिचकतंय?’

बाई स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या. सरकारी दवाखान्यात आयुष्य काढून, वरिष्ठांशी भांडून मुदतीआधीच बाहेर पडलेल्या. सुती साडी, तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडच्या टपरीवाल्यानं चहा आपणहून आणावा. केबिनमध्ये डॉक्टरचं टेबल नव्हतंच. बसायला वेताचे दोन बुटके मोडे, एक सतरंजी आणि मध्ये परातीत लसूण. आलेल्या बाईसमोर बसायचं नाही, शेजारी बसायचं, आणि दोघींनी लसूण सोलायला घ्यायचा, ही बाईंची तपासणी. ‘बाईच्या डोळ्यात बघून विचारलं तर ती खोटं बोलते,’ त्या म्हणायच्या. ‘हाताला काम दे, नजर खाली जाऊ दे, मग ती बोलेल. आपल्या आया स्वयंपाकघरात अशाच बोलायच्या की.’ बाई रोग्यांकडून लसूण सोलून घेतात आणि चटणी करून विकतात, अशी वदंता गावात बरीच वर्षं होती. प्रत्यक्षात तो लसूण मी घरी न्यायचे. आमच्या घरात त्या काळात लसणाशिवाय भाजी झालीच नाही, आणि नवरा बिचारा काही बोललाही नाही.

मी दोन हजार दोन साली तिथं लागले. नवऱ्याची नोकरी पिरंगुटला, आम्ही बार्शीहून नुकतेच आलेलो. मुलाखतीला गेले तर बाईंनी शिक्षण विचारलं नाही, अनुभव विचारला नाही.

‘माहेर कुठलं?’

‘बार्शी.’

‘तोंड बंद ठेवता येतं का, बार्शी?’

‘येतं.’

‘आणि उघडता येतं का?’

मला कळेना. मग त्यांनी शरीराच्या काही भागांची नावं सांगितली आणि म्हणाल्या, ‘म्हणून दाखव.’ मी घामाघूम. शेवटी खिडकीकडे तोंड करून कसंबसं म्हटलं. बाई म्हणाल्या, ‘खिडकीला नको सांगूस, तिचं काही दुखत नाहीये. मला सांग.’ दुसऱ्यांदा त्यांच्याकडे बघून म्हटलं तेव्हा मला एकदम हसू फुटलं, आणि त्यांनाही. तेवढ्यावर नोकरी पक्की झाली. आणि तेव्हापासून मी बार्शीच झाले. बाई सगळ्याच जणींना माहेराच्या गावानं हाक मारायच्या. नवऱ्याच्या नावानं बाईला ओळखायचं म्हणजे पावती बघून माणूस ओळखण्यासारखं आहे, असं त्यांचं मत होतं.

पाटीवर बाईंनी स्वतःची पदवी बारीक अक्षरांत आणि ‘कंबरदुखी, अंगदुखी : दर गुरुवारी’ हे ठसठशीत लिहून घेतलं होतं. गुरुवार का, तर त्या दिवशी आमच्याकडे सकाळपासून लाइट नसायची. कंपन्यांना सुट्टी, म्हणजे गरज पडली तर येणारीचा नवराही हाताशी. बाईंनी इन्व्हर्टर घेतला नाही तो नाहीच. खिडकीला जाड पडदा लावून त्या मुद्दाम अंधुक करून घ्यायच्या. ‘दिव्याखाली कुणी लग्नातलं दुखणं सांगत नाही,’ म्हणायच्या. आणि कंबरदुखी हे नाव अशासाठी, की खऱ्या दुखण्याची पाटी लावली असती तर त्या दारात कुत्रंही फिरकलं नसतं. कंबरदुखी म्हटलं की सासू पाठवते, नवरा रिक्षातून सोडायला येतो, शेजारीण विचारपूस करते.

एकदा मात्र एक म्हातारबुवा खरोखरच कंबर धरून आले आणि बायकांच्या रांगेत ऐसपैस बसले. सगळ्या जणींनी पदर सावरले. मी त्यांना हळूच हाडांच्या डॉक्टरकडे जायला सांगत होते तर ते ऐकेनात. ‘पाटीवर ल्हिवलंय की! मंग म्हाताऱ्यांच्या कंबरंनी काय पाप केलंय?’ बाईंनी त्यांना आत घेतलं, नीट तपासलं, गोळ्या दिल्या, लसूणही सोलायला लावला. जाताना बुवा खूष. ‘लई बेस डाक्टरीन हाय. माझी म्हातारी गेल्याचं समदं इचारलं तिनं.’

गुरुवारी येणाऱ्या बायकांचं एक शास्त्रच बाईंनी मला शिकवलं होतं. जी मैत्रिणीसाठी विचारायला येते, तिला मैत्रीण नसते. जी बसल्या बसल्या डोकं, पोट, पाठ, सगळं दुखतंय म्हणते, तिला जाताना दाराशी पोचल्यावर खरं आठवतं, म्हणून तिला दारापर्यंत सोडायला जायचं आणि दार उघडायला उशीर करायचा. बावधन-हिंजवडीकडच्या कंपन्यांतल्या मुली इंटरनेटवरून कागद छापून आणायच्या आणि मुद्द्याशी आल्या की गाडी इंग्रजीवर जायची. बाई अडवायच्या. ‘दुखतं तेव्हा इंग्रजीत दुखतं का?’ पौडच्या बाजारातली एक मुसलमान बाई खालेला, म्हणजे मावशीला, घेऊन यायची. सगळं खालाच सांगायची, ती नुसती मान डोलवायची. बाईंनी खालेला लसूण दिला आणि हिला हात धरून खिडकीपाशी नेलं, तेव्हा कळलं की खालानं सांगितलेलं दुखणं खालाचंच होतं. गावाकडच्या बायका सगळ्यांत सोप्या. मोड्यावर टेकायच्या आधीच म्हणायच्या, ‘बाई, मला आता नगं वाटतंय आन् त्यो ऐकत न्हाई. काय करू?’

मला वाटायचं, ज्यांच्यात काही बिघाड आहे अशा बायका इथं येतात. मी तसं बोलूनही दाखवलं. बाईंनी हातातली पाकळी परातीत टाकली. ‘बिघाड कुठला? अगं, ह्या दमलेल्या असतात. घाबरलेल्या असतात. कितीतरी नुसत्या रागावलेल्या असतात आणि ते त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. जी येते ना, ती घरातली सगळ्यांत धीट असते. बाकीच्या अजून घरी बसल्यात.’

बोलायला शब्द नाहीत ही मोठी अडचण. बाईंचा नियम असा, की समोरची जो शब्द वापरेल तोच आपला. एक शिक्षिका त्याला ‘हजेरी’ म्हणायची. ‘रोज हजेरी लावावी लागते हो, बाई. रविवारीसुद्धा.’ मग बाई सहा महिने तिला हजेरीबद्दलच विचारत होत्या. एकदा तिचा नवरा न्यायला आला, तर बाई त्याला सगळ्यांदेखत म्हणाल्या, ‘गुरुजी, हजेरी जरा कमी करा. मुलगी दमते.’ तो बिचारा तिच्याच शाळेत शिक्षक. म्हणाला, ‘मुख्याध्यापकांशी बोलतो.’ ती आत आणि मी बाहेर, दोघी हसून बेजार. घरी गेल्यावर तिनं त्याला खरं सांगितलं. पुढच्या गुरुवारी तो मान खाली घालून आला आणि निमूट लसूण सोलत बसला.

बाईंनी मला केबिनमध्येच बसवून ठेवलं होतं. बायकांना आधी विचारायच्या, ‘ही बार्शी. बसू दे का?’ नको म्हटलं तर मी बाहेर. पण बहुतेक जणी बसू द्यायच्या. एकीला सांगितलं तर गुपित राहतं, दोघींना सांगितलं की जीभ सुटते, असा बाईंचा हिशेब.

अशीच कोळवण आली. कोळवणची मुलगी, कासारसाईला दिलेली. तिचं नाव मी सांगणार नाही. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली, मूल नाही. सासू तिला घेऊन देवऋष्याकडे जाऊन आली होती, पुण्यात तपासण्या झाल्या होत्या, गर्भनळ्या धुऊन झाल्या होत्या. सगळं ठीक निघत होतं आणि दिवस राहत नव्हते. कोळवणनं ह्या सगळ्या तपासण्या दात आवळून, किंचाळ्या दाबून करून घेतल्या. पण एकाही डॉक्टरनं तिला विचारलं नाही की नवरा-बायकोत काही होतं का. आणि तिनं सांगितलं नाही. कंबर दुखते म्हणून ती एका गुरुवारी आली. सासू बाहेर बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

आत लसणाचा अख्खा गड्डा सोलून झाला तरी कोळवण बोलेना. मग म्हणाली, ‘बाई, आमचं अजून झालंच न्हाई.’

‘एकदाही?’

‘न्हाई. ते जवळ आले की माझं अंग दगडावानी व्हतंय. मी करत न्हाई, आपसूक व्हतंय. मग ते उटून बसत्यात. म्हनत्यात, राहू दे.’

‘रागावतात?’

‘न्हाई ओ. पानी आनून देत्यात.’

बाईंनी हातातला लसूण खाली ठेवला. मग त्यांनी आपलं बोट कोळवणच्या डोळ्याजवळ नेलं. तिनं पापणी मिटली. ‘आता ह्या पापणीला शिव्या द्यायच्या का? तिनं डोळा वाचवला. तुझं अंगही तेच करतंय. त्याला वाटतंय, काहीतरी वाईट येतंय. ते वाईट नाही, हे त्याला हळूहळू शिकवायचं. शिकतं ते.’

मग शिकवणं सुरू झालं. नवऱ्याला एका गुरुवारी बोलावलं. पिरंगुटच्या कंपनीत कामाला होता, अंगानं दांडगा आणि स्वभावानं इतका भिडस्त की मोड्यावर अर्धाच बसायचा. बाईंनी त्याला सक्त मनाई केली, काही महिने कसलीही घाई नाही, नुसतं हात हातात घेऊन बोलायचं. मनाई ऐकून त्याचा चेहरा इतका सैलावला की मला भरून आलं. दोघंही घाबरलेलीच होती. कोळवणला श्वास कसा सोडायचा, अंग कसं सैल करायचं, स्वतःचं शरीर आरशात बघण्यात पाप कसं नाही, हे बाई शिकवत गेल्या. पावसाळा तोंडावर आला तोवर ती हसत यायला लागली होती. ‘बाई, आता दगूड न्हाई व्हत. जरा चिकूल व्हतोय.’ बाई खो खो हसल्या.

आणि मग एका बुधवारी ती एकटीच आली. सहा आसनी रिक्षा बदलत, केस विस्कटलेले.

‘बाई, उद्या बैठक हाय. मला धाडत्यात.’

झालं होतं असं की बाईंची कंबरदुखी कासारसाईत खरी मानली गेली होती. सासूनं भावकीत सांगितलं, सुनेची कंबर गेलीय, भूगावच्या डाक्टरनीचे इलाज चाललेत. भावकीनं त्यावरून एकेक कडी जोडली. कंबर अधू म्हणून मूल नाही. कंबर अधू म्हणजे भातलावणीला वाकता यायचं नाही. आणि हे दुखणं लग्नाआधीचंच असणार, कोळवणकरांनी फसवलं. हिंजवडीमुळे तिकडच्या जमिनींना सोन्याचा भाव आलेला, अशा घरातल्या पोराला मुलींचा काय तोटा? जवळच्याच चांदे गावाहून एक स्थळ सांगूनही आलं होतं. उद्या कोळवणच्या बापाला बोलावून मुलगी परत द्यायची असं ठरलं होतं.

मी बाईंना इतकं पांढरं पडलेलं कधी पाहिलं नव्हतं. ‘हे माझ्यामुळे झालं,’ त्या म्हणाल्या. ‘लाज झाकायला दिलेलं नाव तुझ्या गळ्याला लागलं.’ मग विचारलं, ‘मी येते उद्या. काय सांगू तिथं?’

कोळवणनं त्यांचे हात धरले. ‘आमचं तेवडं सांगू नका. मी जीव दीन, बाई.’

‘नाही सांगणार,’ बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याला कुलूप लागलं. गुरुवारी असं कधी झालं नव्हतं. बाईंच्या जुन्या मारुतीतून आम्ही निघालो. हिंजवडी मागे टाकून कासारसाईच्या धरणाकडच्या रस्त्याला लागलो तेव्हा बाई स्वतःशी पुटपुटत होत्या, ‘कंबर ठणठणीत आहे, एवढं सांगायचं. पुढं एक अक्षर नाही.’

कोळवणच्या सासरी ओटीवर पुरुष बसलेले. कोळवणचा बाप एका कडेला, टोपी हातात घेऊन. दारापाशी तिची कपड्यांची बॅग भरून ठेवलेली. बायका आत, चौकटीच्या आड. नवरा खांबाला टेकून उभा. बाई बूट काढून ओटीवर गेल्या आणि त्यांनी सरळ सांगितलं, ‘हिच्या कंबरेला काहीही झालेलं नाही. माझ्या पाटीवर कंबरदुखी आहे, हिच्या अंगात नाही. ते नाव मी दिलेलं आहे आणि ते खोटं आहे.’

नवऱ्याचे थोरले चुलते बोलण्यात तयार होते. ‘बरं. कंबर चांगली हाय. मंग इतकं दीस दर बेस्तरवारी कशाचं औशीद चाललंय?’

बाई गप्प.

‘मूल व्हईल का न्हाई?’

‘व्हायला काही हरकत नाही.’

‘मंग आजार काय हाय ते सांगा की. डाक्टर तुमी.’

ज्या बाईंनी मला खिडकीपासून वळवून तोंड उघडायला लावलं होतं, त्या जमिनीकडे बघत बसल्या होत्या. एक वाक्य बोलल्या असत्या तर सुटल्या असत्या, पण ते वाक्य त्यांचं नव्हतं. चुलते सगळ्यांकडे बघून म्हणाले, ‘बघा. डाक्टरनीला बी सांगता येईना, मंजी कायतरी मोटंच असनार.’ कोळवणच्या बापानं टोपी घातली आणि उठून बॅगेकडे हात नेला. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात चौकटीतून आवाज आला.

‘मला भ्या वाटत व्हतं.’

कोळवण बाहेर आली होती. डोक्यावर पदर, पण मान वर. ‘ह्यांच्याजवळ जायचं भ्या वाटत व्हतं. आमचं लगीन झालं तसं अजून काईच झालं न्हाई. त्याचं औशीद चाललंय. आता भ्या कमी झालंय.’ एवढं बोलूनही ती आत गेली नाही.

सगळे पुरुष आपापल्या पायांकडे बघायला लागले. चुलत्यांना खोकला आला. मग खांबापासला तो भिडस्त गडी पुढे आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. भावकीसमोर, बापाच्या वयाच्या माणसांसमोर. ‘खरं हाय ती म्हनती ते. मला ठावं व्हतं. म्याच म्हनलं, राहू दे. तिला दुखवून काय करायचं? मी थांबलो. अजून बी थांबीन.’

‘आन् कुनाला बोलला न्हाईस?’ चुलत्यांनी विचारलं.

‘बायकू माझी हाय. कुनाला काय बोलायचं?’

तेव्हा सासू बाहेर आली. मला वाटलं, आता ही पोराला फाडून खाणार. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि नुसती बघत राहिली. मग म्हणाली, ‘माझ्यासाटी कुनी थांबलं न्हवतं रं.’

सासूनं व्याह्यांच्या हाताखालची बॅग उचलली, आत नेली आणि आतूनच ओरडली, ‘पावन्यास्नी च्या टाका कुनीतरी.’ बैठक तिथंच मोडली. चुलते चहासाठीही थांबले नाहीत.

आम्ही चहा घेऊन निघालो. मी गाडीत आनंदानं बडबडत होते, कोळवण कशी बोलली, तो कसा पुढे आला. बाई एकदम म्हणाल्या, ‘ती बाहेर बाकावर बसायची, बार्शी. दर गुरुवारी. मला वाटायचं, सुनेवर पहारा ठेवायला आलीय. मी तिला एकदासुद्धा आत बोलावलं नाही.’

मी म्हटलं, ‘तिला काय विचारायचं? तिचं आता सगळं होऊन गेलंय.’

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं गिळलं. धरणाच्या वळणाशी रस्ता जरा रुंद होता. तिथं त्यांनी गाडी वळवली.

पुरुष पांगले होते. सासू अंगणात कपबशा धुवत होती. गाडी पाहून ओल्या हातांनीच उठली. ‘काय इसरलं काय, बाई?’

‘हो,’ बाई म्हणाल्या. ‘तुम्हाला विचारायचं विसरले.’ आणि त्या तिथंच मोरीच्या दगडावर बसल्या, तिच्या शेजारी, आणि एक बशी विसळायला घेतली.

सासू आधी हसली. मग तिनं घराच्या दाराकडे वळून बघितलं, कुणी नव्हतं. ती परत उकिडवी बसली, कप पाण्यात बुडवला आणि बराच वेळ तो एकच कप धूत राहिली.

‘मी चौदाची व्हते, बाई,’ ती म्हणाली.